नदीचा प्रश्न

हर्षानं टेबलावर ठेवलेल्या फोनची काच एका कोपऱ्यात तडकलेली होती. फोनच्या पाठीला रबरबँडनं पेनचं एक निळं टोपण बांधलेलं होतं.

"हे टोपण कशाले?" मनकर्णाबाई खोब्रागडेंनी विचारलं.

"टेकू आहे. फोन उभा राहावा आणि समोर बसलेल्या सगळ्यांना पडदा दिसावा म्हणून. बाबांनी केलं होतं."

मनकर्णाबाईंनी टोपणाला हात लावला नाही. जन्मभर त्यांनी टपालखात्यात हरवलेल्या पत्रांच्या तक्रारी हाताळल्या होत्या. निवृत्तीनंतर चंद्रपुरात जटपुरा गेटजवळ, एका शिंप्याच्या दुकानावर खोली घेऊन त्यांनी खाजगी चौकशीचा फलक लावला. फलक बघून हसणारे बरेच होते. काम घेऊन येणारे मात्र हसत नसत.

"पहिले मेलं कोण, ते सांगा."

"सुकरी. मग बाबा."

हर्षा मूल गावच्या महाविद्यालयात शिकवायची. मुद्देसूद बोलायची तिला सवय होती, आणि आज त्याच सवयीचा आधार होता. अहेरीत 'नदीकाठ आरोग्य संस्था' आहे. पावसाळ्यात भामरागडच्या पलीकडची गावं तुटतात, म्हणून दिवस भरत आलेल्या बायकांना संस्था आधीच अहेरीच्या माहेरघरात आणून ठेवते. मागणी संस्थेच्या वेबसाइटवर फॉर्म भरून करायची. वडील, सोमाजी उंदीरवाडे, आश्रमशाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. माडिया भाषा त्यांच्या तोंडात बसलेली. ते गावोगाव जाऊन फॉर्म भरून देत.

"फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे," हर्षा म्हणाली. "'पावसाळ्यात तुमच्या गावाची वाट नदीने बंद होते का?' पुढे टिक करायची चौकट. टिक केली की संस्थेची नाव नदीपार जाते. नाही केली, तर डांबरी रस्त्यापर्यंत जीप."

"आन सुकरीच्या फॉर्मवर टिक नव्हती."

"नव्हती. ती नेलवाहीची, पामुलगौतमी नदीच्या पलीकडची. जीप अलीकडच्या काठावर आली, थांबली, परत गेली. चार दिवसांनी सुकरी घरीच दगावली. पोटातलं मूलही."

खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता.

"बाबा म्हणत राहिले, चौकट नव्हतीच. चौकशी समिती नेमली. आधी गुरुवार ठरला होता, मग संस्थेच्या सांगण्यावरून सोमवार झाला. समितीपुढे बाबांनी याच फोनवर फॉर्म उघडला, संस्थेचे व्यवस्थापक शेजारीच बसलेले. चौकट होती. ते तिच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, 'तवा नव्हती.' अहवालात लिहिलं, वयोमानानुसार दृष्टिदोष आणि निष्काळजीपणा. मान्य असल्याची सही मागितली. ती न करताच जानेवारीत गेले."

"तुम्हाले माझ्याकडून काय पाहिजे?"

"ते खरं बोलत होते का, एवढंच."

"नसले बोलत, तर?"

"तर तेही सांगा."

मनकर्णाबाईंनी चष्मा पुसला. "एकच चौकट. सगळ्याइले दिसते, एका म्हाताऱ्याले दिसत नाई. टपाल गहाळ झालं की लोक इचारत, पोचलं काऊन नाई. मी इचारत होतो, शेवटचं दिसलं कुठी. चाला, ही वेबसाइट बनवली कोनं?"

* * *

वेबसाइट बनवणारा अतुल येरणे चंद्रपुरातच, नागपूर रोडवरच्या संकुलात बसत होता. एसी इतका गार, की मनकर्णाबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. त्याच्या मोठ्या पडद्यावर वाघ होता. जंगलालगतच्या एका रिसॉर्टची साइट तो तपासत होता.

"ताई, मी समितीलाही हेच सांगितलं," अतुल म्हणाला. "सिस्टीम प्रत्येक फॉर्मचा इतिहास ठेवते. हा फॉर्म बनला त्या दिवसापासून एक अक्षर बदललेलं नाही. कधीही या, कोणत्याही दिवशी, इतिहास दाखवतो."

"आन गुरुजीइच्या फोनवर अक्षर मोठं दिसते, बाकीच्याइले लहान. ते कसं?"

अतुलचा चेहरा खुलला. आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की माणूस फुलतोच.

"सोमाजी सरांनीच सांगितलं होतं, बारीक अक्षर दिसत नाही. त्यांच्या लॉगिनपुरतं मोठं केलं. पण फॉर्मला हात न लावता! त्याला हुक म्हणतात. फॉर्म एका जागी साठवलेला असतो. कुणी मागितला की पडद्यावर काढायच्या आधी सिस्टीम क्षणभर थांबते आणि विचारते, कुणाला काही बदलायचंय? आपण तिथे आपला कोड अडकवून ठेवलेला असतो. तो म्हणतो, हो, मला. अक्षर मोठं करायचं, रंग बदलायचा, एखादी यादी छोटी करायची, काहीही. मग फॉर्म पुढे जातो. मूळ फॉर्म जसाच्या तसा. चांगला माणूस मूळ फॉर्मला हात लावत नाही."

"हर वक्ती तोच बदल होते का?"

"अट घालाल तसं. हे बघा." त्यानं वाघाच्या साइटवर सफारीचं पान उघडलं. सकाळची वेळ होती, दुपारची नव्हती. "दुपारच्या गाड्या भरल्या, म्हणून ती वेळ दिसतच नाही. एखादी गाडी रिकामी झाली की आपोआप परत येईल. जे नाही ते दाखवायचं कशाला? गिऱ्हाईक उगाच नाराज होतं."

हर्षाला वाघात रस नव्हता. जिन्यावर ती म्हणाली, "अक्षर मोठं होतं. म्हणजे दृष्टिदोष म्हणायलाही जागा नाही. उलट बाबांच्या विरुद्धच गेलं हे."

"जाऊ द्या," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पोरगा खोटं बोलला नाई, हे ध्यानात ठेवा. लई जपून खरं बोलला."

* * *

संस्थेचे कार्यक्रम व्यवस्थापक प्रफुल नागापुरे फोनवर अतिशय नम्र होते. शनिवारी येतो म्हटल्यावर म्हणाले, सोमवारी या. रविवारी विचारलं तरी तेच. "सोमवारी सकाळी या, मॅडम. अगदी सकाळी. मी स्वतः सगळं दाखवतो."

सोमवारी आलापल्लीच्या सागबनातून गाडी अहेरीला पोचली, तेव्हा नागापुरे फाटकाशीच उभे होते. कचेरीच्या भिंतीवर पुरस्कार घेतानाचा त्यांचा फोटो, आणि शेजारी पांढरा फळा. त्यावर पक्क्या रंगानं लिहिलेलं होतं: 'सलग तिसरा पावसाळा. नावेच्या प्रलंबित मागण्या: शून्य.' शून्य लाल रंगात होतं, थाळीएवढं.

"तुमच्याकडे नावा किती?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"एकच. आठवड्याच्या फेऱ्या सोमवारच्या बैठकीत ठरतात. पण बघा, एकही मागणी अडली नाही. मुंबईचे देणगीदार हाच आकडा बघून दरवर्षी उभे राहतात." त्यांनी हर्षाकडे वळून आवाज खाली आणला. "सोमाजी सर मला वडिलांसारखे. पण वयापुढे कुणाचं चालतं? उघडा तुम्ही फोन. मनातलं निघून जाऊ द्या."

हर्षानं निळ्या टोपणावर फोन टेकवला. वडिलांचं लॉगिन बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पडद्यावर बोराएवढी अक्षरं उमटली. नाव. वय. कितवी खेप. आणि मग, स्वच्छ, ठळक: 'पावसाळ्यात तुमच्या गावाची वाट नदीने बंद होते का?' पुढे चौकट. आंधळ्यालाही चाचपता येईल एवढी.

समितीपुढे बाबा याच अक्षरांकडे बघत बसले असतील.

"पाणी घेता?" नागापुरेंनी विचारलं.

"नको."

बाहेरच्या खोलीत दीपिका गावतुरे बसत होती. आलेले फॉर्म आणि जीप-नावेच्या याद्या सांभाळणं तिचं काम. मनकर्णाबाई तिच्याजवळ अशा बसल्या, जणू माहेरच्या ओट्यावर.

"तुमचा साहेब मोठा भला मानूस हाय वो. सोमवारचा येळ देल्ला आमाले."

"मलेबी नवलच वाटलं, बाई," दीपिका म्हणाली. "सोमवारी सर कोनालेच भेटत नाईत. बैठक राह्यते ना. मागं कलेक्टर ऑफिसातले आल्ते, त्याइलेबी मंगळवारी बलावलं."

"काम लई असन तुले."

"सोमवार-मंगळवारी डोस्कं वर करता येत नाई. हप्त्याच्या शेवटी मंग बरं राह्यते. नदीपलीकडचे फॉर्म शुक्रवार-शनिवारी येतच नाईत जवळपास. सारे जीपवालेच." तिनं हर्षाकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. "म्याडम, तुमच्या बाबाइनं मले फोन केल्ता त्या दिवशी. नेलवाहीच्या टेकडीवरून. म्हने, पोरी, नदीचा प्रश्न दिसून नाई राह्यला. मी माह्या कम्प्युटरवर फॉर्मची मूळ प्रत उघडून पाह्यली. होता. मी म्हटलं, गुरुजी, नेटवर्कनं अर्धं पान आलं असन, भरून टाका, आपल्याले मालूम हाय ना गाव पलीकडचं. समितीले बी मी खरं तेच सांगतलं. त्याइनं तेच तुमच्या बाबाइच्या डोक्यावर मारलं."

"तू कोरा फॉर्म फोनवर उघडून पाह्यला का कधी?"

"मले काय गरज? मी भरलेलेच पाह्यतो."

"यादी काढताना गाव नाई दिसलं तुले?"

"यादी मशीन काढते, बाई. पहिले मी काढत होतो हातानं. मंग नागापुरे सर म्हनाले, आता कम्प्युटरच ठरवन." ती हर्षाकडे वळली. म्हणाली, "तुमचे बाबा लई कडक. तीन सालाआधीच्या उन्हाळ्यातल्या मीटिंगमधी सरवर भडकले होते. म्हने, 'नाव नसली तं इचारता कशाले? इचारलं का बाया काठावर येऊन बसतेत.'"

परतताना हर्षा गाडी चालवत होती आणि रस्ता तिला धूसर दिसत होता.

"चौकट आहे, बाई. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली."

"हो, सोमवारी हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आता गाडी भामरागडकडे वळवा. ज्याची बायको गेली, त्याले कोनी काई इचारलं का अजून?"

समितीनं नेलवाहीत कुणालाच विचारलं नव्हतं. रस्ता नाही म्हणून.

* * *

पामुलगौतमी नदी अजून अंगात आली नव्हती. लाकडाच्या डोंग्यातून कोलू पुंगाटीनंच त्यांना पार नेलं. सुकरीचा नवरा. तिशीचा, काटक. सोमाजीची मुलगी म्हटल्यावर त्यानं हर्षाकडे नीट पाहिलं आणि वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.

गावात मोहाच्या झाडाखाली बसायला खाट टाकली. बायामाणसं जमली. मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडून फॉर्म भरण्याची पद्धत काढून घेतली. गुरुजी टेकडीवर नेटवर्कमध्ये फॉर्म उघडून आणत आणि झाडाखाली फोन उभा करत. एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत, मग माडियात सांगत. उत्तर बाई एकटी देत नसे, सगळं गाव देई. मग पुन्हा टेकडीवर चढून फोनला नेटवर्क आलं की तिथून पाठवत.

"त्या दिवशी काय काय इचारलं गुरुजीनं? आठवते?"

कोलूनं डोळे मिटले. बोटांची पेरं धरत तो बोलू लागला, प्रश्न जसे होते त्याच क्रमानं. नाव. वय. कितवी खेप. पायाले सूज हाय का. रगत जाते का. संगं कोन येनार.

"बस?"

"बस."

"नदीचं?"

कोलूनं नकारार्थी मान हलवली. मागून एक म्हातारी माडियात काही बोलली, तशा दोघीतिघी कसनुशा हसल्या.

"काय म्हनते ते?"

"म्हनते का, त्या दिवशी कोनीच हासलं नाई." कोलूला ते मराठीत मांडताना वेळ लागला. "दरसाली गुरुजी तो नदीचा प्रश्न वाचे ना, तवा आख्खं गाव हासे. आमालेच इचारते, नदी वाट बंद करते का! पोट्टेबी खदखदा हासत. गुरुजीबी हासे. म्हने, सरकारी प्रश्न हाय, मुकाट्यानं हो म्हना. दरसाली. त्या दिवशी कोनी हासलं नाई. प्रश्नच नाई आला, तं हासनार कशावर?"

हर्षानं खाटेची सुंभाची दोरी घट्ट धरली.

"वार कोनता होता?"

"शुक्रवार. बाजार करून आल्तो मी."

"जीप आली ते समजलं तुमाले?"

"हो. हॉर्न वाजवला ना त्यानं. लई येळ वाजवला. सुकरी म्हने, आली गाडी." कोलू नदीकडे बघत होता. "मधात पानी. आमी नावेची वाट पाह्यत होतो. गुरुजी म्हनाले होते, हाफिसाले गाव मालूम हाय, नाव येईन. 'नाव नाई' असं कोनी आधी सांगतलं असतं, तं म्या शुक्रवारीच डोंग्यात नेलं असतं तिले. तवा पानी आताएवढंच होतं. मंग चढलं."

मनकर्णाबाई खाटेवरून उठल्या. काठावर परत येताना त्या हर्षाला एवढंच म्हणाल्या, "शनिवारी अहेरीले जाऊ. न सांगता. त्या येरने पोराले मी बलावतो. आन बाबाचा फोन चार्ज करून ठेवा."

* * *

शनिवारी दुपारी नागापुरे खुर्चीतून अर्धवट उठले. "मॅडम, सोमवारी आला असतात तर—"

"सोमवारी पाह्यलं ना. आज शनिवार पाह्यतो."

अतुल आधीच येऊन बसला होता. साइटमध्ये बिघाड आहे, एवढंच त्याला फोनवर कळलं होतं. मनकर्णाबाईंनी दीपिकालाही आत बोलावलं आणि दाराला लागून असलेल्या खुर्चीत बसल्या.

"दीपिका, मूळ फॉर्म उघड तुह्या कम्प्युटरवर. नदीचा प्रश्न हाय?"

"हाय, बाई."

"हर्षाबाई, तुमी फोनवर उघडा."

निळ्या टोपणावर फोन उभा राहिला. बोराएवढी अक्षरं. नाव. वय. कितवी खेप. पायाला सूज. हर्षानं पडदा वर सरकवला, खाली सरकवला, पुन्हा वर. पान पूर्ण आलं होतं. खाली 'पाठवा'चं बटण होतं.

नदी कुठेही नव्हती.

दीपिका उठून फोनजवळ आली. स्वतःच्या कम्प्युटरकडे बघितलं, परत फोनकडे. "गुरुजी फोन करत होते," ती म्हणाली, "तवा मी त्याइले नेटवर्क म्हटलं."

"बस, पोरी." मनकर्णाबाईंचा आवाज मऊ होता, पुढचा तसा राहिला नाही. "जंगलातलं लाकूड डेपोतून निंगते ना, तवा डेपोत मोजा, माल पुरा भरते. गावात पोचते तवा एक ओंडा कमी. मंग डेपोवाला खोटा का गाववाला? दोघंबी खरे. मधात नाका हाय. दीपिकानं डेपोत पाह्यलं, गुरुजीनं गावात. नाक्यावर कोन बसलं होतं, ते कोनीच पाह्यलं नाई. या येरनेनंच सांगतलं मले, फॉर्म पडद्यावर जायच्या आधी सिस्टीम थांबते आन इचारते. तोच नाका. त्याले हुक म्हनतेत."

अतुलनं खाली पाहिलं.

"प्रश्न त्या शुक्रवारी नव्हता, हे मले नेलवाहीनं सांगतलं. सारं गाव ज्या प्रश्नावर दरसाली हासते, त्या दिवशी कोनी हासलं नाई. आख्ख्या गावाचे डोळे म्हातारे झाले नव्हते ना? मंग सोमवारी तो परत आला कसा? हा फळा पाहा. तीन पावसाळे, नाव एक, आन अडलेली मागनी शून्य. पूर काय नावेच्या फेऱ्या मोजून येते? मागनी नावेएवढीच राह्यली, कारन त्याच्यापुढची मागनी कोनाले करताच आली नाई. दीपिका म्हने, हप्त्याच्या शेवटी नदीपलीकडचे फॉर्म येत नाईत. बाया तं वार पाहून गरोदर होत नाईत! फेऱ्या भरल्या का चौकट गायब, सोमवारी नव्या फेऱ्या लागल्या का चौकट हजर. वाघाच्या गाडीसारखं. गाडी भरली, येळ दिसत नाई. जे नाई ते दाखवाचं कशाले. तोच कोड आनला ना इथी, येरनेभाऊ?"

"थोडा बदलून," अतुल म्हणाला. "मला वाटलं... बुकिंगचंच आहे. फोनवर सांगितलं होतं, फेऱ्या भरल्या की पर्याय लपव."

"समितीले काऊन नाई सांगतलं?"

"त्यांनी विचारलं, फॉर्म बदलला का. नव्हता बदलला."

"फोनवर सांगतलं कोनं, ते मी सांगतो. तुमी मले म्हटलं, कधीबी या, कोनत्याबी दिवशी. दीपिकानं तं गुरुजीचा फोन आल्ता हे स्वतःहून सांगतलं. एकाच मानसाले वाराची पडली होती. जो सोमवारी कलेक्टर ऑफिसच्या मानसालेबी भेटत नाई, त्यानं समितीचा गुरुवार काढून सोमवार देल्ला. मलेबी सोमवार. अगदी सकाळी. चौकट हमखास कवा दिसते, हे ज्याले मालूम होतं, तोच सोमवार वाटत फिरला."

नागापुरेंनी नाकारलं नाही. ते फळ्याकडे बघत होते.

"ही कल्पना माझी नव्हती," ते हर्षाला म्हणाले. "तुमच्या वडिलांची होती. भर मीटिंगमध्ये म्हणाले, नाव नसली तर विचारता कशाला. दीपिकाला विचारा. मी तेवढंच केलं."

हर्षानं दीपिकाकडे पाहिलं. दीपिकाच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे ते खरं होतं. बाबांचंच वाक्य नदी उतरून, नाका ओलांडून, एक प्रश्न गिळून परत त्यांच्याच फोनवर आलं होतं. आणि त्यांना ते कधी कळलं नव्हतं.

"त्यांनी नाव मागितली होती," हर्षा म्हणाली. "तुम्ही प्रश्न काढलात."

"दुसरी नाव कोण देणार होतं? प्रलंबित मागण्यांचा आकडा वर गेला असता तर देणगीदार निघून गेले असते. हीही नाव गेली असती. या फळ्यामुळे किती बायका वाचल्या, ते कुणी मोजायचं?"

"आन गुरुजी समितीपुढं त्या चौकटीकडं पाह्यत बसले होते," मनकर्णाबाई म्हणाल्या, "तवा तुमी शेजारच्या खुर्चीत होते."

नागापुरेंनी ड्रॉवर उघडला, संस्थेचा कोरा कागद काढला. ते लिहू लागले. अक्षर वळणदार होतं. "सरांच्या नावावरचा ठपका आजच काढतो. 'तांत्रिक चुकीमुळे चौकट दिसली नाही, सोमाजी उंदीरवाडे यांचा दोष नाही.' तुम्हाला हेच हवं होतं ना? बाकीचं बाहेर जाऊ नये, इतकंच. नाव बंद पडेल."

हेच हवं होतं. गेल्या सहा महिन्यांत याच एका ओळीसाठी तिनं किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. ओळ समोर होती, शाई ओली होती.

"'तांत्रिक' खोडा," हर्षा म्हणाली. "कुणी, कुणाला, काय करायला सांगितलं, ते लिहा. बाबांचं मीटिंगमधलं वाक्यही लिहा. पूर्ण. काहीही गाळू नका."

"त्यात त्यांचंही नाव येईल."

"येऊ द्या. ते सही न करता गेले, ते अर्ध्या गोष्टीवर सही करायची नव्हती म्हणून."

नागापुरेंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी लिहिलं नाही. अतुलनं लिहिलं, दीपिकानं साक्षीची सही केली.

* * *

नवी समिती नेमली गेली. तिचं काम चालू आहे. नागापुरे रजेवर आहेत, आणि भिंतीवरचा फोटो अजून तिथेच आहे. लाल शून्य पुसायला दीपिकाला रॉकेल लागलं. त्या शनिवारीच अतुलनं हुक बदलला: प्रश्न कायम राहील, फेऱ्या भरल्या असल्या तर उत्तर मात्र खरं येईल.

पाण्याला ओढ आली तेव्हा हर्षा पुन्हा नेलवाहीला गेली. गुरुजींच्या जागी आता उर्वशी नावाची मुलगी फॉर्म भरत होती, भामरागडची. मोहाच्या झाडाखाली एक कोवळी पोर पोटावर हात ठेवून बसली होती. उर्वशीनं फोन मांडीवर धरला. हर्षानं पिशवीतून निळं टोपण काढून तिच्या हाती दिलं, कसं टेकवायचं ते दाखवलं.

नाव. वय. कितवी खेप.

"पावसाळ्यात तुमच्या गावाची वाट नदीने बंद होते का?"

मग मागची ती म्हातारी खुदकन हसली, आणि तिच्यामागून सगळं गाव. पोरं गडबडा लोळली. बाबा इथे बसून हेच हसू दरसाल ऐकत होते, आणि हसत होते. हर्षाला हसता आलं नाही. कोलूही हसला नाही.

उर्वशीनं टिक केली आणि टेकडीवर गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिनं फोन सगळ्यांना दाखवला, मोठ्यानं वाचला, मग माडियात सांगितला.

'या आठवड्यात नाव उपलब्ध नाही. मागणी प्रलंबित.'

हसू थांबलं. कोलू उठला. नदीकडे एकदा पाहिलं, पाणी कुठवर आलंय ते. मग कुणाला काही न विचारता दोन गड्यांना हाक मारली आणि डोंगा सोडायला चालू लागला.